मशीनसकट माझं वजन

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कागदावरच समजून घे, प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). तुझी तब्येत कशी आहे? भावजींकडून कळलं, की डॉक्टरांनी तुला वजन उतरवायला सांगितलंय आणि तू रात्रीचं जेवण सोडलंस. ताई, घाई करू नकोस. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात. निदान पुढचा महिनाभर तरी पोटभर जेव. तुझी फार काळजी वाटते म्हणून लिहितो, दुसरं काही नाही.

आम्ही इकडे ठीक आहोत. हे पत्र मी कुठे बसून लिहितोय ते पुढे येईलच, पण माझं अक्षर नीट बघून ठेव.

तुला माहीतच आहे, की मी इतकी वर्षं मुलांना कंपनं शिकवतो. म्हणजे मोटारीपासून पुलापर्यंत जे जे थरथरतं, ते का थरथरतं हे फळ्यावर लिहितो. मुलं उतरवून घेतात आणि परीक्षेत जवळजवळ तसंच लिहितात. त्यामुळे मला हा विषय येतो असा लोकांचा समज आहे, आणि लोकांपेक्षा माझा जास्त. तर आमचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की घरातल्या अरुंद बोळातून चालायला लागायचं. खाली घरमालकीणबाई राहतात, त्यांच्या कपाटातल्या कपबश्या वाजायच्या. एके दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठून अगदी शांतपणे सांगितलं, की आणखी एकदा माझं छत हललं तर दुसरं घर बघा. (आरडाओरडा करणाऱ्या माणसाला मी भीत नाही, शांत माणसाला भितो.) या घराच्या मोठ्या खिडकीशी तुझ्या भावजयीचं शिवणयंत्र आहे. तिथल्या उजेडावर तिचा सगळा धंदा चालतो, आणि शिवायला आलेलं कापड कापण्याआधी धुवून घ्यावं लागतं, म्हणून मशीन रोजच लागतं. असं घर पुन्हा मिळायचं नाही. ही म्हणाली, मेकॅनिकला बोलवू या. मी हसलो. घरात कंपनांचा प्राध्यापक असताना मेकॅनिक? ते हसू आठवलं की आता अंगावर काटा येतो.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नकोस. कुठलीही हलणारी वस्तू घेतलीस तर तिला वजन असतं, लवचीकपणा असतो आणि हलून हलून दमायची वृत्ती असते (ही तिसरी माझ्यात भरपूर आहे). हे सगळं एका डिफरन्शियल इक्वेशनमध्ये मांडलं, की बाहेरून धक्के बसल्यावर ती वस्तू किती नाचेल हे घरबसल्या कळतं. आणि यातली मुख्य गंमत तुला माझ्या कितीतरी आधी कळली होती. लहानपणी मला झोक्यावर बसवून तू ढकलायचीस. जोर बेताचा, पण बरोबर झोक्याच्या लयीत, आणि एकदा मी थेट कुंपणापलीकडे गेलो. याला शास्त्रात रेझोनन्स म्हणतात (आपल्या घरी याला 'ताईने पाडलं' म्हणायचे). मशीनची स्वतःची लय आणि पिळण्याची लय एक झाली, की मशीनही कुंपणापलीकडे. तेव्हा उपाय सोपा होता. खाली असे रबराचे ठोकळे द्यायचे, की या दोन लयी एकमेकींचं तोंडसुद्धा बघणार नाहीत.

मी ठोकळे आणून मशीनखाली सरकवले. बोळात खुर्ची मावत नाही, म्हणून मशीनवरच चढून बसलो, हिला धक्का द्यायला सांगितलं आणि हेलकावे मोजले. समीकरण पहिल्या झटक्यात सुटलं, तिथेच खरं तर मला संशय यायला हवा होता. ठोकळे मी जमिनीला आणि मशीनला अशा काही गोंदाने चिकटवले, की आता ते काढायचे तर फरशीही सोबत येईल. मग घरमालकीणबाईंना मुद्दाम वर बोलावलं. मी मशीनवर, शेजारी काठोकाठ भरलेला पेला, मशीन पूर्ण वेगात, आणि पाण्याचा एक थेंब सांडला नाही. मी वरूनच व्याख्यान दिलं. जाता जाता बाईंनी विचारलं, तुम्ही वर का बसलाय? मी म्हटलं, निरीक्षणासाठी.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना हिने मशीन लावलं. पाय चिकटवलेले, त्यामुळे त्याला चालता येईना, म्हणून ते जागच्या जागी नाचलं. संध्याकाळी जिन्यात घरमालकीणबाई उभ्या होत्या, हातात कपाचा नुसता कान. शेवटची संधी, एवढंच म्हणाल्या. मी घरात येऊन हिच्यावर उखडलो, की तू काय वेगळं केलंस? ती म्हणाली, "बटण दाबलं." मी मशीनवर चढून पुन्हा लावून पाहिलं, तर ते गरीब गाय. मग मी समीकरणात नळाचं पाणी घातलं, जमिनीचा लवचीकपणा घातला, हिच्या उशांच्या अभ्र्यांवरही संशय घेतला. दरवेळी वर बसून पडताळा घ्यायचो आणि दरवेळी मशीन शांत. शेवटी ही दाराला टेकून म्हणाली, "एकदा उतरून बघता का?"

मी उतरलो. आणि लगेच पुन्हा चढलो, कारण खालून छतावर काठी ठोकल्याचा आवाज आला.

ताई, त्या समीकरणातल्या वजनात मशीन होतं, पाणी होतं, कपडे होते आणि मी होतो. खरं म्हणजे मुख्यतः मीच होतो. मी बसलो की दोन्ही लयी लांब, मी उतरलो की तंतोतंत एक. इतका अचूक रेझोनन्स मला प्रयोगशाळेत जन्मात साधला नाही. जन्मभर मुलांना बजावत आलो, की मोजणाऱ्याने प्रयोगात लुडबुड करू नये, आणि स्वतः लुडबुडीला बैठक मारून बसलो. फार लाज वाटते. हिने एकदा माझ्या जागी बसून पाहिलं, पण ती पडली काडीपैलवान, मशीनबरोबर तीही नाचली. तेव्हा सध्या रोज पिळणं सुरू झालं की मी वर चढतो. आत्ताही तिथेच आहे. अक्षर बघितलंस? एक काना वाकडा नाही.

भावजींना नमस्कार सांग.

तुझा (आणि काही अंशी मशीनचा)
भाऊ

ता. क. पुढच्या महिन्यात मला चार दिवस परगावी परिषदेला जायचंय. माझ्या भाषणाचा विषय 'घरगुती यंत्रांची कंपनं: काही सोपे उपाय' हा आहे (तो आधीच छापून गेला, आता काय करणार). लहानपणी बागेतल्या सी-सॉवर आपण दोघं बसलो की तो जागचा हलायचाच नाही, आठवतं? अख्ख्या नात्यागोत्यात माझ्या वजनाचं माणूस तू एकटीच. चार दिवस येशील? काम काही नाही, नुसतं बसायचं. आणि कृपा करून तोवर जेवण सोडू नकोस, गणित बिघडेल.

ता. क. वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून या चार ओळी. मशीनवर माणूसच लागतो असं काही नाही. परवा हे कॉलेजात गेल्यावर घरमालकीणबाई आणि मी मिळून त्यावर वाळूची दोन पोती चढवून पाहिली, मशीन ढिम्म. पोती आता माझ्या कापडांच्या ढिगामागे लपवली आहेत. घराची काळजी नको, बाईंना सगळं ठाऊक आहे. यांना मात्र अजून सुचलेलं नाही आणि तुम्हीही सुचवू नका. हे रोज एका जागी बसून माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात, असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घडतंय. उतरून जाता येत नाही ना. तुम्ही मात्र नक्की या, आणि डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं वजन खुशाल उतरवून या. आपल्याला बसायला घरात खुर्च्या आहेत.