तुझ्या पट्टीत

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आज गायनशाळेच्या निवड चाचणीला मी टेबलाच्या पलीकडे, परीक्षकांच्या खुर्चीत होते. आलेल्या प्रत्येक मुलीला आधी तेच विचारलं, पट्टी कोणती? बहुतेकींनी उत्तर द्यायच्या आधी दाराशी बसलेल्या आईकडे पाहिलं. दुपारी चहा आला तो तसाच राहिला, आणि घरी आल्यावर कपडेही न बदलता हे लिहायला बसले.

माझ्या स्वतःच्या निवड चाचणीआधीचे दोन महिने शनिवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत रियाजाला जागा एकच, स्वयंपाकघरात ओट्यासमोर. पहाटे नळाला पाणी यायच्या आत तू तंबोरा लावायचीस, कारण एकदा बादल्या भरायला लागल्या की षड्ज ऐकू यायचा नाही. तंबोरा लागायचा तो काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात. तुझ्या आईची ती पट्टी, तुझीही तीच, म्हणून माझीही तीच. आपल्या घरात पट्टी नाकाडोळ्यांसारखी आईकडून येते, असंच तू धरून चालली होतीस. वरचा षड्ज गाठताना माझ्या मानेच्या शिरा ताणायच्या. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की विचारायचे, चाचणी गाण्याची आहे की ओरडण्याची? त्यावर तू म्हणायचीस, अहो, तुमच्यापर्यंत पोचतोय म्हणजे आवाज लागतोय. मी अडकले की तू हळूच साथ द्यायचीस. लग्नानंतर तू कोणासमोर गायली नव्हतीस, त्या दोन महिन्यांत मात्र पोळ्या लाटतानाही गात होतीस. ते इतकं चांगलं असायचं की मला माझं ऐकवेना. मला तुझा राग यायचा. लिहिताना लाज वाटते, पण यायचा.

एकदा तू ऑफिसला गेल्यावर मी पेटी काढली आणि एकेक पट्टी खाली उतरत गेले. काळी तीनवर आवाज आपोआप मोकळा झाला, गळ्याला काही करावंच लागलं नाही. मग रोज दुपारी तिथेच गायले, आणि पहाटे पुन्हा तुझ्या पट्टीत. तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

चाचणीच्या दिवशी आपण कसब्यातून चालत जातोय. तू ठेवणीतली जांभळी साडी नेसली आहेस आणि रस्ताभर मला बोलू नकोस, आवाज जपून ठेव, म्हणून बजावते आहेस. त्या शाळेत रीत अशी होती की ज्याने शिकवलं त्यानेच मागे तंबोरा धरायचा. त्यामुळे तूही आत आलीस आणि शाळेचा तंबोरा काळी पाचमध्ये लावून बसलीस. समोरच्या म्हाताऱ्या गुरुजींनी विचारलं, "पट्टी कोणती, बाळ?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "काळी तीन."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग मान खाली घालून एकेक खुंटी सैल करायला लागलीस. सगळे थांबले होते. तुझे हात इतके हळू चाललेले मी कधी पाहिले नव्हते. तारा जुळल्यावर मी भूप गायले. चांगला झाला, हे तुलाही कळलं. मी कुठे अडकले नाही, तुझी साथ लागली नाही.

निवड झाली. परतताना मी सांगितलं की सकाळपासून घसा बसल्यासारखा होता, म्हणून खालची पट्टी घेतली. तू म्हणालीस, "घसा बसलेला माणूस असा गात नाही." दुसऱ्या दिवशी पहाटे तू तंबोरा काळी तीनमध्ये लावून माझ्या हातात दिलास आणि कणीक मळायला घेतलीस. त्या पट्टीत खालचे सूर तुझ्या गळ्याला जमत नव्हते. पुढे घरात तुझं गाणं मी ऐकलं नाही. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, तुम्ही गाता का? तू म्हणालीस, मुलगी गाते.

आता मी विद्यार्थिनींना सांगते की पट्टी ज्याची त्याची असते, त्यात कोणाचा अपमान नसतो. खरंच आहे ते, आणि इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. पण हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. चाचणीच्या आदल्या दुपारी मी काळी पाचमध्येही गाऊन पाहिलं होतं, आणि वरचा षड्ज नीट लागला होता. तुझ्या पट्टीत गायले असते तरी निवड झाली असती. मला माझ्या गाण्यात तू नको होतीस.