एका मोहाला नाव नाही

१७ मार्च
झाडं बर्फात गेली! संस्थेच्या ऑनलाइन पृथ्वीगोलावर या गावची एक्केचाळीस मोहाची झाडं दाखवायची, इतकं साधं काम. गावासमोर लॅपटॉप उघडला, गोल फिरवला — आणि आलापल्लीचं जंगल सोडून सगळे ठिपके उत्तर ध्रुवाजवळ. अक्षांश एकोणीस, रेखांश ऐंशी. मी दीडशहाणीने उलटे भरले होते. गावातल्या म्हाताऱ्या सुकरीबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "एवढ्या थंडीत मोहा कसा पडन, पोरी? वापस आण माहे झाडं."

१८ मार्च
आणली.

२१ मार्च
पहाटेपासून सुकरीबाईंबरोबर जंगलात. सत्तरीची बाई, पण मीच धापा टाकत मागे. प्रत्येक झाडाशी थांबतात, कोणत्या घरचं ते सांगतात, मी मोबाइलवर जागा आणि नाव नोंदवते. ग्रामसभेची अट आहे — प्रत्येक झाडावर नाव हवं, तरच गोल सुरू करायचा. इथे पोर मोठी झाली की आई तिला एक झाड देते. त्याचा मोहा तिचा, दुसरं कोणी वेचत नाही.

सदतिसाव्या झाडाखाली जमीन लख्ख झाडलेली, आणि फुलं तशीच पडून सुकत होती. "हे कोणाचं, बाई?" त्यांनी पदरातून मोहाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि चालू पडल्या.

लोकेशने सांगितलं. तो याच गावचा, संस्थेत माझ्याबरोबर काम करतो. झाड सुकरीबाईंच्या मुलीचं, दुर्गाचं. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःच्या पसंतीच्या मुलाबरोबर गेली. सुकरीबाई दारातून ओरडल्या होत्या, "आता येऊ नोको." तेव्हापासून फोनसुद्धा नाही. पण दर हंगामात झाडाखालची जमीन झाडतात त्याच.

२६ मार्च
धीर करून विचारलं, दुर्गाचं नाव लिहू? "नोको. झाड ज्याचं त्यानं म्हनावं." मग दुसऱ्या कोणाचं लिहू? असं काही बघितलं माझ्याकडे की मी मान खाली घातली. "रिकामं ठेव," म्हणाल्या.

फार जीव जडलाय या हट्टी बाईवर. ब्रह्मपुरीला आईला फोन केला, उगीचच. ती विचारत होती, काय झालं?

३० मार्च
आता नावाचा रकाना जोडलाय, तो रिकामा असला की गोल फिरायचाच थांबतो. दिवसभर डोकं फोडलं. लोकेश म्हणाला, "एक ठिपका काढून टाक न वं, चाळीस काय कमी हायेत?" त्याच्यावर इतकी चिडले की चहा अर्धा सोडून उठले. सदतिसावं झाड मी काढणार नाही. मी काढलं तर दुर्गा कायमची गेली.

शेवटी रिकाम्या जागी एक ओळ टाकली — 'हे झाड कोणाचं? माहीत असेल तर लिहा.' खाली लिहायला चौकट. गोल फिरला!

५ एप्रिल
ग्रामसभा. एकाने हरकत घेतली, एका झाडाला नाव नाही, अट मोडली. सगळे सुकरीबाईंकडे बघायला लागले. त्या उठून लॅपटॉपपाशी आल्या, त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे कुठूनबी दिसते?"

"कुठूनही, बाई."

"हैदराबादवरून?"

दुर्गा हैदराबादला आहे हे मला तर माहीतच नव्हतं, लोकेशलाही नव्हतं.

"दिसते," मी म्हणाले.

"मंग चालू कर."

हरकत घेणाऱ्यानेच पहिला हात वर केला. लोकेशने लिंक गावच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती कुठे कुठे गेली देव जाणे.

६ एप्रिल
चौकट रिकामी.

७ एप्रिल
रिकामी. सकाळपासून वीसदा बघितली असेल.

९ एप्रिल
सदतिसाव्या झाडाच्या चौकटीत एक ओळ आली आहे. निघाले, सुकरीबाईंना वाचून दाखवायला.

'हे माह्यं हाय. आईले सांगा, यंदाचा उरलेला मोहा मीच वेचीन. — दुर्गा'