शुक्रवारचं पान

अप्पा, आज फ्रेंचच्या वर्गात एक शब्द शिकवताना माझी जीभ अडखळली. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरला फ्रेंच लोक ‘एफेमेरीद’ म्हणतात. शब्द मुळात ग्रीकांचा. ‘हेमेरा’ म्हणजे दिवस, आणि अख्ख्या शब्दाचा अर्थ दिवसापुरतं, रोजच्या रोजचं. मुलं म्हणाली, मॅडम, हे तर आमच्या घरी आहे. आमच्याही होतं, म्हटलं, आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

तमिळ मुलखातल्या आपल्या मेलकावेरीच्या घरात ते कॅलेंडर तुमच्या ताब्यात असायचं. आंघोळीआधी पानाला हात लावायचा नाही, उद्याचं पान आज फाडायचं नाही. दिवाळी लवकर यावी म्हणून मी एकदा चार पानं फाडली, तर तुम्ही ती मैद्याच्या खळीनं परत चिकटवलीत. रागावला नाहीत, दिवाळीपर्यंत रोज पहाटे मलाच आंघोळ करून पान फाडायला लावलंत. शेवटच्या वर्षी नजर गेली, तरी चाचपून फाडत होतात.

त्या वर्षी मी पाँडिचेरीहून शुक्रवारी येते म्हणाले. आले नाही, कळवलंही नाही. रविवारी फोन केला, तर तुम्ही विचारलंत, “आज शुक्रवारच ना गे? निघालीस कीं?”

म्हातारपणी दिवस चुकला असेल, असं मला वाटलं. दिसत नाही त्याला शुक्रवार काय नि रविवार काय. म्हटलं, “हो अप्पा, शुक्रवारच. संध्याकाळपर्यंत पोचते.” आणि आले बुधवारी. भिंतीवर शुक्रवारच होता. तुम्ही चाचपडत उठलात, माझ्यासमोर ते पान फाडलंत आणि म्हणालात, “बोललीस त्याच दिवशीं आलीस.” लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. प्रवासाच्या गप्पासुद्धा मारल्या मी.

तुमच्या तेराव्याला शेजारच्या मामी भेटल्या. रोज सकाळी तुम्हाला कॉफी आणून द्यायच्या त्याच. त्या तमिळमध्ये सहज बोलून गेल्या की कॉफी घेताना तुम्ही रोज वार विचारायचात, त्या बुधवारीही विचारला होतात. कॅलेंडरला मात्र पाच दिवस हात लावू दिला नाहीत. मुलीला उशीर झाला असं दिसायला नको, म्हणालात.

हे पत्र पाठवणार कुठे? वहीतच राहील. पण एकदा सांगून टाकते, अप्पा. त्या शुक्रवारी मला कसलंही काम नव्हतं. यायचा कंटाळा आला होता.