बारक्यांतला दांडगा

६ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, पण आज हात जरा आखडता.

फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि तुझा वायरमन नवरा मधेच हसतो, म्हणून लिहितेय. आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे आली होती. डोळा कधीच बरा झाला. मग ती माझ्याकडे परत का येत नाही? विचारलं तर म्हणते की माशांचं कोण बघणार. परवा मला ताप होता. एकदा चौकशी केली, आणि लगेच कुठल्या मागूर माशाची मिशी तुटली ते सांगत बसली. माझ्या तापापेक्षा मिशी मोठी!

मीही तुझ्यासारखी माशांची टाकी घेतलीय, शिलाईच्या खोलीमागच्या गॅलरीत. तुझ्याहून मोठी आहे. थोडी पिल्लं पाठव.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते पिल्लं बघून ठरवीन.
तुझी ताई

१४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि., तुझ्या मोठ्या टाकीलाही.

पिल्लं पाठवतेय, बोटाएवढी आहेत. नीट ऐक. पंप बंद पडू देऊ नकोस. टाकीतलं घाण पाणी वर खडीच्या वाफ्यात जातं, त्यावर भाजी पोसते, आणि पाणी स्वच्छ होऊन खाली पडतं. वर जाळी घाल, मागूर उड्या मारतो. आणि दर आठवड्याला मोठे-लहान वेगळे कर. आपल्याहून लहान दिसला की मागूर गिळतो, भाऊ-बहीण बघत नाही. (आपल्या घरात उलटं झालं असं तू म्हणशील.)

आईला मी बांधून ठेवलेलं नाही. ती सकाळी गच्चीवर स्टुलावर बसते, टाकीच्या काठावर चमच्याने टकटक करते, आणि सगळे मिशा हलवत वर येतात. मग तिला जगाची शुद्ध नसते. गुडघे दुखतात म्हणून आमचे हे आपोआप खाद्य टाकणारं यंत्र बनवताहेत. बघ, किती काळजी घेतो आम्ही!

लोभ असावा, जळफळाट कमी असावा.
तुझी बारकी

२० जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद, उरलेसुरले.

तू पिल्लं कमी पाठवलीस. निम्मी दिसतच नाहीत, आणि आहेत त्यांची पोटं फुगलेली. वाफ्यातला पुदिना पिवळा पडलाय. गिऱ्हाइकं कपडे शिवायला टाकतात आणि नाक दाबून पळतात. वेगळे कर म्हणे! मला इथे मशीनवरून उठायला फुरसत नाही.

आईला फोनवर सांगितलं तर ती चक्क रागावली. तुला अक्कल नाही म्हणाली. किती वर्षांनी रागावली गं! माझ्याकडे असताना नुसतं बरं, बरं म्हणायची. टकटक केल्यावर येतात का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला बघून तळाला जातात.

तुमचं यंत्र एकदाचं होऊ दे. सुटेल बिचारी.
तुझी (अजून तरी) ताई

९ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार. नाचू नकोस.

आई तुझ्याकडे निघालीय. मोठे झालेले मासे आम्ही काढले. काढण्याआधी दोन दिवस उपाशी, स्वच्छ पाण्यात ठेवायचे असतात, म्हणजे मातकट चव जाते. आई दोन्ही दिवस त्यांची समजूत काढत बसली होती. मग उरलेल्यांसाठी यंत्र बसवलं. आठवड्याने तिने टकटक केली तर एकही आला नाही, सगळे यंत्राच्या तोंडाखाली. तिने चमचा धुतला, पिशवीत टाकला, आणि म्हणाली की मोठीकडे एकमेकांना खातायत, मी जाते. मी म्हटलं, अगं इथे तुला आराम आहे. तर म्हणाली की तेच तर.

माझं काय चुकलं ते कळलं तर कळव.
बारकी

३० ऑगस्ट

चि. बारकीस,
भरघोस आशीर्वाद!

आईने आल्या आल्या बाह्या सरसावल्या. मापाप्रमाणे मासे वेगळे केले, बारक्यांना वेगळा टब दिला, जाळं मला धरायला लावलं आणि शेजारणींसमोर माझी अक्कल काढली. पुदिना हिरवा झालाय. टकटक केली की सगळे हजर! पूर्वी मी तिला सुईत दोराही ओवू द्यायची नाही, तू बस म्हणायची. बसून बसून विटली असणार.

गंमत एकच. दर चार दिवसांनी बारक्यांच्या टबात एखादा दांडगा सापडतो. जाळी असून कसा येतो कोण जाणे. आई म्हणते की अशाने मला जाताच यायचं नाही. मी म्हटलं, नाइलाज आहे.

लोभ माझ्याकडे भरपूर आहे, तुला हवा तर माग.
ताई

८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

यंत्र अचानक बंद पडलं. आमचे हे डोकं खाजवत बसलेत. मी हाताने खाद्य टाकते तर मासे वर येत नाहीत. आईला मुद्दाम वाचून दाखव: येत नाहीत. स्टूल तिथेच आहे.

तुझा पुदिना जळो.
बारकी

१५ सप्टेंबर

चि. बारकीस,
आशीर्वाद, दोघींना मिळून. वाटून घ्या, मोजू नका.

हे ताईला वाचून दाखवूनच पाकिटात घालतेय. जावईबापूंचा फोन आला होता. यंत्राची वायर कात्रीने कापलीय म्हणाले. आणि इथे काल दुपारी मी झोपले असं समजून तुझी ताई जाळ्यातून दांडगा उचलून बारक्यांत सोडत होती. अगं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं, आता मिटल्या डोळ्यांच्या फटीतूनही दिसतं.

एवढी कारस्थानं केलीत, पण आई, तू ये, असं साधं एकीनेही लिहिलं नाही.

तो दांडगा बादलीत उपाशी ठेवलाय, रविवारी पातेल्यात. माशाचं डोकं लहानपणापासून तुलाच लागतं. ते पाकिटातून येणार नाही, तेव्हा तू ये. परत जाताना मी बरोबर येईन, थोडे दिवस राहीन, मग इकडे. वायर मात्र जोडायची नाही.

हे ऐकून ताई म्हणते की डोकं तिलाही आवडतं. आजपासून.

आई