नवरदेवाचा पत्ता, मु. पो. मेढा

मेढा,
४ फेब्रुवारी २०२४

ती. ब्राह्मीअक्कास,
धाकट्या आर्जवचा सा. न. वि. वि. आणि जय जिनेंद्र.

लिहीन लिहीन म्हणत पत्र टाळलं, कबूल. आधी पेन मिळेना. मिळालं तर मी ज्याच्याकडं राहतोय त्या हरिबाची म्हैस सुटली, तिच्यामागं गेलो तो पलीकडच्या वाडीत जेवूनच आलो. फोन केला असता, पण नियम तुझाच: दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज कादंबरीकार बाईंबद्दल आपल्या वाचनमंडळातल्यांनी बोलायचं ते कागदावरच.

बैठकीचा गृहपाठ सोबत आहे. बाईंच्या नायकाचा, आपल्याकडं स्थळाचा करतात तसा बायोडेटा. नाव दिग्विजय ठेवलं. जमीन भरपूर, तळ्याकाठी बंगला, कर्ज नाही, आईवडील नाहीत. स्वभाव घमेंडी. निम्म्या पुस्तकात तो मटण खाताना दिसला नाही, म्हणून समाज जैन घातलाय. उरलेलं निम्मं वाचायचं राहिलं, पुस्तक एसटीत विसरलो. पत्ता सुचेना, म्हणून हरिबाचाच टाकला. मी रहिमतपुरात नोकरीला आहे असंच अण्णांना वाटू दे.

लोभ आहेच, तो गृहपाठाच्या अक्षरावर ठरवू नये.
आर्जव

सांगली,
१३ फेब्रुवारी

चि. आर्जवास,
अनेक आशीर्वाद आणि एक रट्टा.

तुझा दिग्विजय बैठकीत एवढा गाजला, की त्रिशलावहिनींना हसता हसता चहाचा ठसका लागला. सुंदरीकाकूंनी घरी पुन्हा वाचायला म्हणून तो पर्समध्ये टाकला, आणि वधू-वर मेळाव्यात भाचीच्या कागदांबरोबर तोही टेबलावर देऊन आल्या. तिथं तो फळ्यावर लागला. कुणी हेरला माहीत आहे? अण्णांनी. माझ्यासाठी! सासूचा जाच नाही, कर्ज नाही, आणि घमेंडीचं म्हणशील तर आपल्या पोरीला जोड मिळेल, असं म्हणाले.

खरं सांगावं तर मंडळ बुडालं. आणखी एक भानगड कानावर आली तर बैठकीची माडी रिकामी करून तिथं हळदीची पोती लावीन, असं ते दिवाळीतच बोललेत. अरे, तो एक रविवार सोडला तर या घरात मला पोटभर हसायला जागा नाही. तेव्हा नवरदेव परदेशी गेला, असं हरिबाकडून लगेच कळव.

माझं पुस्तकही परवापासून कपाटात नाही. काकूंनीच ढापलं असणार.

रट्ट्यातून उरेल तेवढा लोभ तुझाच.
ब्राह्मी

मेढा,
२१ फेब्रुवारी

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

हरिबाला विचारलं, तर तो म्हणाला की लय सोपं हाय, नवरदेव मेला म्हणून कळवू. मी म्हटलं, नको, अण्णा सांत्वनाला येतील. शेवटी लंडनला धाडायचं ठरलं. बाईंच्याच मुलखात, म्हणजे खोटंही फार होत नाही. माडी गेलीच तर बैठक इथं गोठ्यात भरवू. म्हैस ऐकून घेणारी आहे.

राग ओसरला की लोभ होता तिथं आणून ठेवावा.
आर्जव

ता. क. हरिबानं अण्णांना करायचा फोन राहिलाच. पाकीट चिकटवत होतो तोच दारात जीप थांबली. अण्णा! मी कणगीमागं बसून हे लिहितोय. हरिबा येऊन सांगून गेला की पावणं तापल्यालं न्हाईत, पर बगलेत जाड बुक हाय आन् त्यात बोट घातलंय. त्यात अण्णांना नवरदेव सापडला, म्हणून बायोडेटा लिहिणाऱ्याला बाहेर बोलावलंय. पोती गोदामातच राहतील, पुढच्या बैठकीला नायकाच्या बाजूनं ते स्वतः बोलणार आहेत. फक्त मी शेवट फोडायचा नाही, त्यांची थोडी पानं राहिलीत.

आता बाहेर जाऊन कुठल्या तोंडानं सांगू, की शेवट मलाही माहीत नाही?