ताईबाईंची साक्ष आणि माझं लाल पेन

शनिवार, १५ नोव्हेंबर

पुनमने भरवर्गात विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः काय लिहिता?" म्हणून ही वही. दुसरं कारण नाही.

देवपूरच्या आमच्या चर्चमध्ये दर शनिवारी चार वाजता मी लेखनाचा वर्ग घेते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून. सात बाया, दोन पुरुष आणि माझं लाल पेन. वर्गाचा नियम माझाच — रोज चार ओळी, प्रभूसमोर बसल्यासारख्या, खोटं न लिहिता. पुनम बँकेत आहे, समोरच्याला उलटं विचारायची सवय. "नियम सगळ्यांना ना, बाई? मग तुम्हालाही." सगळे हसले. मी हसले नाही. येताना वही घेतली.

चार ओळी झाल्या. जास्तच झाल्या!

रविवार, १६ नोव्हेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. उपासना वेळेवर सुरू झाली — हे खरं तर लिहिण्यासारखं आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

रतिलाल, आमच्या चर्चचा पाळक, येऊन गेला. सातवीत माझ्या वर्गात होता, अजून दाराबाहेर चपला सरळ लावून आत येतो. नाताळची स्मरणिका काढायची, विषय 'माझी साक्ष'. प्रभूने आयुष्यात काय केलं ते प्रत्येकाने लिहायचं. संपादन अर्थात माझ्याकडे. पाच डिसेंबरला सगळं जळगावच्या छापखान्यात. "बाई, लिहिणाऱ्यांना हुरूप देणारा तुमचाही एक लेख हवा." तिथल्या तिथे काढून दिला. 'लेखणी हीच प्रार्थना' — दोन पानं. तयार ठेवलेला असतो मी एखादा. बरा जमलाय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ताईबाईंनी लिहून आणलं! दोन वर्षं मागच्या बाकावर बसतात, कधी एक ओळ वाचून दाखवली नाही. शिक्षण चौथी. नवरा कधीच वारला. सकाळी देवपुरात हातगाडीवर भरताची वांगी विकतात. तीन पानं, पेन्सिलने, सगळं अहिराणीत.

"हे कधी लिहिलंत?"

"गिऱ्हाईक नही ऱ्हास तवय."

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे नवलसाठी आहे. नवल म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतेला कापडाच्या कारखान्यात. तीन वर्षांपूर्वी त्याची पाच वर्षांची मुलगी तापाने गेली. तेव्हापासून चर्च नाही, नाताळला घरी येणं नाही. "प्रभूनं नाव काढं का फोन ठेई देस. मन्हं ऐकस नही, बाई. छापेल वाचस तो." म्हणून छापायला हवं. स्मरणिकेतच हवं.

म्हटलं, छापू. मी आहे ना!

सोमवार, २४ नोव्हेंबर

ताईबाईंची साक्ष हातावेगळी केली. अहिराणीची स्वच्छ मराठी केली. तीन पानांचं एक झालं. एक उतारा मात्र सबंध काढावा लागला. नवरा गेल्यानंतरचं आहे. उतरवून ठेवते —

"दोन वरीस मन्हं नि प्रभूनं बोलनं बंद व्हतं. चर्चमा जाऊ, बठू, घर येऊ. मी बोलू नही. तो बी बोलना नही. पन तो उठी बी गया नही."

नाताळच्या अंकात हे कसं चालेल? लोक स्मरणिका पाहुण्यांना दाखवतात. त्या जागी लिहिलं, 'त्या कठीण काळात विश्वासानेच मला तारले.' नेटकं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

वर्गात ताईबाईंची दुरुस्त केलेली साक्ष वाचून दाखवली. ताईबाई पदर सावरून, मान पुढे काढून ऐकत होत्या. संपल्यावर मला म्हणाल्या, "हाई बाई कोन शे? चांगली शे बिचारी."

वर्ग खो खो हसला. म्हटलं, "अहो, तुम्हीच!"

"मी नही." अजिबात रागात नाही, एखादीने दुसऱ्याची पिशवी परत करावी तशा. "नवलले हिनासंगे काय काम?" आणि उठल्या. वांगी निवडायची होती म्हणे.

मी वर्गाला सांगितलं की छापील लेखनाची एक शिस्त असते. सगळ्यांनी वह्या मिटल्या. पुनमनेसुद्धा!

रविवार, ३० नोव्हेंबर

ताईबाई उपासनेला होत्या. "सलाम, बाई." नेहमीसारखाच सलाम. त्याचाच राग आला.

पुढे उभं राहून मी प्रार्थना केली. दर रविवारी करते. रतिलाल म्हणाला, "बाई, तुमच्या प्रार्थनेत एक शब्द इकडचा तिकडे होत नाही."

शुक्रवार, ५ डिसेंबर

मजकूर जळगावला गेला, माझ्या दुरुस्त्यांसह. काम संपलं. डोकं दुखतंय.

सोमवार, ८ डिसेंबर

वांगी आणायला मुद्दाम ताईबाईंच्या गाडीवर गेले. म्हटलं, एकदा स्वच्छ विचारून टाकावं.

"रागावलात?"

"नही वं माय. तुम्ही शिकेल शेतस." वांगी तोलता तोलता, वर न बघता म्हणाल्या, "बाई, तुम्ही कधी प्रभूसंगे बोलनं बंद करं नही का?"

"नाही," मी म्हणाले. लगेच. शाळेतल्या आवाजात.

त्यांनी एक वांगं वर टाकलं. हसल्या. "बरं."

घरी आले. वांगी ओट्यावर तशीच आहेत. शेगडीसुद्धा पेटवली नाही. हे गेले त्याला चार वर्षं झाली — भरीत यांनाच आवडायचं, मी आपली करायची म्हणून करते. उद्या लिहीन. वर्गाचा नियम पाळून लिहीन.

बुधवार, १० डिसेंबर

काल लिहिलं. तीन पानं. लिहून झाल्यावर सवयीने लाल पेन घेतलं. ठेवून दिलं.

आज सकाळपासून एकच विचार. बायबलातल्या निम्म्या प्रार्थना तक्रारीच तर आहेत! किती दिवस असा गप्प राहणार, कुठे गेलास, माझंच का — सगळं तसंच्या तसं ठेवलंय कोणीतरी. त्या काळी संपादनाला मी नव्हते, ही प्रभूचीच कृपा.

नवल सुरतेत एकटा गप्प बसलाय. त्याला वाटतंय, आईला काही झालंच नाही. ती बाप गेल्यावरही चर्चला जातच होती — एवढंच त्याने लहानपणी पाहिलंय. त्याला ज्या चार ओळी हव्यात त्याच मी खोडल्या. बाकीचं छापलं काय, न छापलं काय.

उद्या जळगाव. पहिली बस.

गुरुवार, ११ डिसेंबर

बस एरंडोलला इतका वेळ थांबली की मी ड्रायव्हरला चहाच्या टपरीवरून उठवून आणलं. "मावशी, तुम्ही शाळेत होत्या का?" म्हणाला. चेहऱ्यावर लिहिलेलं असावं!

चुडामणभाऊंचा छापखाना. ताईबाईंची मूळ पानं पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "अक्का, प्लेटा झाल्या! उद्या मशिनवर चढतंय."

"नवीन करा."

"आणि ही दोन पानं वाढली ती कुठे बसवू? डोक्यावर?"

अनुक्रमणिका पाहिली. 'लेखणी हीच प्रार्थना.' पान चार-पाच.

"हा काढा."

"अहो, हा तर तुमचाच लेख!"

"म्हणूनच कोणाला विचारावं लागत नाही."

संगणकावर चुडामणभाऊ स्वतः बसले. अहिराणी आहे म्हटल्यावर दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. मोठ्याने वाचत टाइप करत होते. त्या ओळीपाशी आले — "पन तो उठी बी गया नही" — आणि बोटं थांबली. भिंतीवर गणपती-देवीचे फोटो, गळ्यात माळ. आमच्या साक्षीशी त्यांचा काय संबंध! पण चष्मा काढून पुसला. "अक्का, ही बाई वांगी कुठे विकते म्हणालात?"

एक काना मात्रा बदलला नाही. मी तीन तास शेजारी बसून होते. हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू.

शनिवार, २० डिसेंबर

स्मरणिका आल्या. वर्गात ताईबाईंना पहिली प्रत दिली. त्यांनी पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर वाचलं. हळूहळू, अडखळत, शेवटपर्यंत. मग पानावर हात पालथा ठेवला.

"हाई मी."

कोणी हसलं नाही. पुनमने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघून, "बाई, तुमचा लेख कुठाय?"

"जागा नव्हती," म्हटलं.

एक प्रत सुरतेला रवाना. पत्ता मी लिहिला. बाकी काही लिहिलं नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. ताईबाई पहिल्या ओळीत गायल्या. नवल आला नाही. फोनही नाही.

पुढे उभी राहून प्रार्थना करायला रतिलालने बोलावलं. म्हटलं, आज दुसऱ्या कोणाला सांग.

शुक्रवार, २६ डिसेंबर

दुपारी फोन. सुरतेहून. नवल — माझ्याकडे! पुस्तिकेवर माझा नंबर होता.

"बाई, हे मायनं लिखेल शे का तुम्ही?"

"मी तर खोडलं होतं ते. आईने लिहिलंय."

पुढे काही नाही. नुसता यंत्रांचा आवाज. एरवी मी म्हणाले असते, बोलायचं नसेल तर फोन ठेव. नाही म्हणाले. मीही गप्प बसले. किती वेळ कोण जाणे.

त्याने फोन ठेवला नाही.

रविवार, २८ डिसेंबर

नवल आला. सगळ्यात मागच्या बाकावर, आईशेजारी. तोंड मिटून बसला. गायला नाही, डोळे मिटले नाहीत. उठूनही गेला नाही.

आज दिलं ते असं —

पुनमला : माझं लाल पेन. "आता तू माझं तपास."

नवलला : त्याच्या आईची मूळ तीन पानं, पेन्सिलची.

आणि त्यालाच या वहीतली माझी तीन, नऊ डिसेंबरची, फाडून. न तपासता. त्यांची पहिली ओळ तेवढी इथे असू दे : हे गेले त्या दिवसापासून मी दर रविवारी सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करते, आणि माझं स्वतःचं प्रभूशी बोलणं बंद आहे.