डिस्क आता आपोआप दिसते

चि. भाचीबाई,

मामाचे भरपूर आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? (ती मला फोनवर 'बराय' एवढंच सांगते, म्हणून तुला विचारतो.) माझी तब्येत ठणठणीत. बोलायला कुणी नसल्यामुळे घसाही उत्तम आहे.

आनंदाची बातमी म्हणजे तुझी ती दुसरी हार्ड डिस्क मी माझ्या संगणकाला कायमची जोडली. पहिल्या रविवारी तू फोनवरून ती फॉरमॅट करून घेतलीस तेव्हा 'मामा, नक्की बी ना? ए नाही ना?' असं तीनदा विचारलं होतंस, आठवतं? ए म्हणजे माझी पहिली डिस्क, तिच्यात संगणक चालवणारं लिनक्स आणि सगळे फोटो. एक अक्षर चुकलं असतं तर सगळं साफ झालं असतं. मी चष्मा पुसून खात्री केली होती. पण पुढे दर वेळी संगणक सुरू केला की डिस्क गायब, मग रविवारी दहाला तुला फोन, आणि तू एकेक अक्षर सांगून ती जोडून द्यायचीस. शेवटी कंटाळून तू कायमच्या जोडणीचा कागद धाडलास. (कंटाळलीस असं तू म्हणाली नाहीस. पण मामा इतका खुळा नाही.)

सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या हे संगणक ज्या एफएसटॅब नावाच्या फायलीत वाचतो, तिच्यात मी कागदावरची ओळ उतरवली. डिस्कचा तो लांबलचक क्रमांक लिहिताना मात्र घात झाला. त्यात लागोपाठ दोन शून्यं होती. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला असं काही दिसलं की हात शिवशिवतो. चुकून दोनदा पडलं असणार म्हणून मी एक शून्य उडवलं आणि संगणक बंद करून चालू केला. दीड मिनिट तो ती नसलेली डिस्क शोधत बसला आणि मग काळ्या पडद्यावर रुसला. आधी तपासून बघायची आज्ञा कागदाच्या मागच्या बाजूला होती. कागद उलटला तो मग. दोन दिवस खपून शून्य परत बसवलं. आता डिस्क आपोआप हजर होते.

परवा रविवारी दहाला मी चहा घेऊन फोनजवळ बसलो. विचारायला काहीच नव्हतं. तूही केला नाहीस, बरोबरच आहे, काम झालं होतं. साडेअकरापर्यंत बसलो, चहा दोनदा गरम केला. फार एकटं वाटलं बघ.

काळजी घे. जेवत जा वेळेवर.

तुझा मामा

ता. क. डिस्क पुन्हा दिसेनाशी झाली आहे. रविवारी दहाला फोन करशील का?

ता. क. २. एफएसटॅबमधल्या ओळीच्या सुरुवातीला # लावला की संगणक ती ओळ वाचत नाही, हे तुझ्याच कागदावर आहे. वरचं पत्र लिहून झाल्यावर तो मीच लावला. काढता येतो मला. पण तू सांगशील तेव्हाच काढीन, आणि एकेक अक्षर सांग, घाई करू नकोस.